जुळी गावे

इंग्लंडातील एखाद्या लहानशा गावात मोटारीने शिरू लागले म्हणजे वेशीवरच्या पाटीवर त्या गावाच्या नावाखाली आणखी एका गावाचे नाव वाचावयास मिळते. हे दुसरे गाव पुष्कळदा फ्रान्समधले असते, आणि पहिले गाव त्याचे जुळे भावंड असल्याची ग्वाही ती पाटी देत असते. १९९७ साली संशोधनाच्या निमित्ताने यॉर्कशरमधील एका गावी वर्षभर राहण्याचा योग आला, तेव्हा अशी पाटी आम्ही प्रथम पाहिली आणि मनातल्या मनात हसलो. जुळी जन्मास येतात. नगरपालिकेने ठराव करून ती होत नाहीत, एवढे शरीरशास्त्र आम्हालाही ठाऊक होते! मात्र आपल्या मराठीत लग्नेही जुळतातच, आणि ती ठरविण्याच्या बैठकांना ठरावाची कळा पुष्कळदा असते, याचा आम्हाला त्या वेळी विसर पडला होता.

या सोयरिकीचा आरंभ आनंदात झालेला नाही. पहिल्या महायुद्धात उत्तर फ्रान्समधील गावेच्या गावे बेचिराख झाली. १९२० साली त्यांच्या साहाय्यासाठी ब्रिटनमध्ये एक संघ स्थापन झाला आणि एकेका शहराने तिकडचे एकेक गाव दत्तक घेतले. लंडनने व्हर्दून घेतले, बर्मिंगहॅमने आल्बेर घेतले, आणि यॉर्कशरमधील लोकरीच्या गिरण्यांचे गाव जे कीथली, त्याने प्वा-द्यू-नॉर या छोट्याशा गावाला हात दिला. यांत उदारपणा होता यात शंका नाही. पण दत्तकविधानात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली राहतो तो राहतोच. दुसऱ्या महायुद्धानंतर हा शब्द मागे पडून त्याच्या जागी 'जुळे' हा शब्द आला. आम्हाला वाटते, सगळ्या प्रकरणातले मर्म या शब्दबदलात आहे. जुळ्यांत थोरला-धाकटा असलाच तर काही घटकांचा. १९५२ साली हॅरोगेट आणि पिरेनीजच्या पायथ्याचे ल्यूशाँ यांची जोडी जमली ती तर पत्रिका पाहूनच जमल्यासारखी. कारण दोन्ही गावे औषधी झऱ्यांसाठी नावाजलेली, दोन्हीकडे संधिवाताचे रोगी पिढ्यान् पिढ्या येत असलेले!

सर्वच स्थळे अशी तोलामोलाची नव्हती. रटलंड परगण्यातील व्हिटवेल या चिमुकल्या खेड्यातील मंडळींनी, शिराक हे पॅरिसचे महापौर असताना, त्यांस पत्र धाडले: आमच्याशी जुळे व्हावे, अमुक तारखेपर्यंत नकार न आल्यास संमती गृहीत धरू. उत्तर आले नाही आणि व्हिटवेलच्या वेशीवर पॅरिसचे नाव झळकले. मुलीकडच्यांच्या मौनाचा असा अर्थ लावणारे वरपिते आम्ही आपल्याकडेही पाहिले आहेत.

असो. आमच्या घरमालकीणबाई गावच्या जुळणी-समितीच्या सभासद होत्या. वर्षाआड मे महिन्याच्या अखेरीस येथून एक बस फ्रान्सला जाई आणि मधल्या वर्षी तिकडची बस इकडे येई. पाहुण्यांनी हॉटेलात उतरावयाचे नाही, घराघरांतच राहावयाचे, असा दंडक होता. एक जागा रिकामी राहिली म्हणून बाईंनी आम्हालाही बसमध्ये बसविले. म्हणजे वऱ्हाडात आम्ही पूर्णपणे त्रयस्थ! तेथील समारंभ पाहून तर आम्हाला घरच्या लग्नांची आठवण झाली. महापौर तिरंगी पट्टा बांधून उभे, दोन्ही पक्षांची लांबलचक भाषणे, त्यांची त्याहून लांब भाषांतरे, भेटवस्तूंची देवाणघेवाण, आणि कोणास कोणत्या टेबलाशी बसविले यावरून चाललेली कुजबुज. विहिणींचे रुसवेफुगवेही नजरेस पडले. हे सारे सक्तीचे सौजन्य आहे, वेळापत्रकाने बांधलेला स्नेह तो काय स्नेह, असा निवाडा आम्ही पहिल्याच रात्री देऊन टाकला.

बाईंचा मुक्काम सोळा वर्षे एकाच घरी होत आला होता. त्या घरच्या मादामना इंग्रजीचे चार शब्द येत आणि बाईंना फ्रेंचचे तितकेही नव्हते. दुसऱ्या रात्री दोघी स्वयंपाकघरात मटार सोलीत बसल्या होत्या. आम्हाला पुस्तकी का होईना फ्रेंच अवगत. तेव्हा परोपकारबुद्धीने आम्ही दुभाष्याचे काम पत्करले. पाहतो तो काय, दोघीही एकाएकी औपचारिक झाल्या. हवामान झाले, प्रवास कसा झाला हे झाले, आणि मग बोलणेच खुंटले. मादामनी नम्रपणे आमचे आभार मानले. आम्ही माडीवर जाऊन पुरते आडवे झालो नाही तोच खालून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. तो कितीतरी वेळ चालला होता. कशाला हसत होत्या हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. कदाचित आम्हालाच हसत असतील.

स्वदेशी परतल्यावर बाईंशी आमचा पत्रव्यवहार तीन वर्षे चालला. नंतर परीक्षा, मुलांची आजारपणे, घराचे बांधकाम. आपली कारणे आपल्यापाशी नेहमी पुरेशी असतात. आमचे बाईंवर प्रेम होते हे आम्ही आजही शपथेवर सांगू. पण त्या प्रेमाला ना समिती होती ना बस.

इकडे जुळ्या गावांनाही दिवस बरे राहिले नाहीत. इंग्लंडात २००४ पासून चौदा वर्षांवरील मुलांना परभाषा शिकण्याची सक्ती उरली नाही, आणि फ्रेंच घेणारी मुले घटत गेली. २०११ मध्ये बिशप्स स्टॉर्टफर्ड या गावाने आपल्या फ्रेंच व जर्मन जुळ्यांस पत्र पाठवून संबंध संपविला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ च्या ऑक्टोबरपासून, फ्रेंच मुलांना नुसत्या ओळखपत्रावर तिकडे जाता येईना; पारपत्र लागू लागले, आणि शाळांच्या सहली रोडावल्या. २०२३ च्या अखेरीस शाळकरी तुकड्यांपुरती ती अडचण दूर झाली हे खरे. हिशेबी लोक म्हणतात, ही सारी नगरसेवकांची फुकटची सहल होती. काही ठिकाणी असेलही. मटार सोलणाऱ्यांचा खर्च कोणत्या खात्यात धरावयाचा हे मात्र ते सांगत नाहीत.

२०११ सालीच एके दिवशी फ्रान्सचे तिकीट लावलेले एक कार्ड आमच्या हाती आले. मादामनी मोडक्या इंग्रजीत लिहिले होते की, बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. समितीची माणसे बसने अंत्ययात्रेस गेली होती, त्यांत त्याही होत्या. बाईंच्या टेबलाच्या खणात आमचा पत्ता सापडला तो त्यांनी मागून घेतला होता. त्या घरी वर्षभर जेवलेल्या आम्हाला दोन वर्षे पत्ता नव्हता, आणि जिला बाईंचे एक वाक्य धड समजत नव्हते ती त्यांना पोचवून आली होती.

आम्ही उत्तर फ्रेंचमध्ये लिहिले. शब्दकोश घेऊन बसलो तरी चार दिवस लागले, आणि त्यातही चुका राहिल्याच असतील. तेव्हापासून दरसाल मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात मादामना एक पत्र टाकतो. विसर पडू नये म्हणून नवे वर्ष लागताच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढून ठेवतो. घरातली मंडळी त्यास आमच्या बसचा दिवस म्हणतात.