सात दिवस शून्याच्या वर

उप्साला हे विद्यार्थ्यांचं गाव. स्टॉकहोमच्या उत्तरेला, आगगाडीनं पाऊण तासाच्या आत येणारं. इथलं विद्यापीठ 1477 सालचं. फीरिस नदी गावाच्या मधून वाहते. तिच्या पश्चिमेला कॅथेड्रल, टेकडीवरचा गुलाबी किल्ला आणि विद्यापीठ, पूर्वेला बाजारपेठ आणि स्टेशन. ऑगस्टच्या अखेरीस सत्र सुरू होतं आणि उन्हाळाभर सुस्तावलेलं गाव चार दिवसांत सायकलींनी भरून जातं. मी साताऱ्याहून इथे आले ती अशाच एका ऑगस्टात. घरी गणपतीची तयारी चालली होती, कासच्या पठारावर फुलांचे दिवस सुरू व्हायचे होते, आणि इथे संध्याकाळचे आठ वाजले तरी ऊन नदीवरून हलायला तयार नव्हतं. आपल्याला सगळं जमणार आहे, असं त्या उन्हात सहज वाटून जातं.

परदेशात शिकायला आलेल्यांचा पहिला ऋतू असा फसवा असतो. सगळं नवं असतं म्हणून काहीच जड वाटत नाही. ओळखपत्र, बँकेचं खातं, सेकंडहँड सायकल, कॉरिडॉरमधल्या सामायिक स्वयंपाकघरात आपल्या नावाचा एक कप्पा. त्या कप्प्यात आईनं दिलेला गोडा मसाला ठेवला की संसार मांडल्यासारखं वाटतं. सप्टेंबरात बर्चची पानं पिवळी होतात, मेपलची लाल, आणि रोज एक फोटो घरी जातो. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. एका तासानं काय होणार, असं वाटतं खरं. पण वर्ग सुटेपर्यंत आईची जेवणं उरकलेली असतात, आणि घर एका तासानं लांब गेलेलं असतं.

नोव्हेंबर हा इथला खरा परीक्षेचा महिना. पानं गळून गेलेली, बर्फ अजून पडायचा असतो, आणि ओल्या डांबरावर करडं आभाळ दिवसभर टेकून बसलेलं असतं. उप्साला जवळपास 60 अक्षांशावर आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम 6 तासांचा होतो, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 7 अंशांच्या आसपासच चढतो. पावणेतीनच्या सुमारास तो मावळतोही. व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, "मागे काळोख कसला गं? तीनच वाजलेत ना तुझ्याकडे?" तिच्याकडे दिवेलागण होऊन गेलेली असायची. मी म्हणायचे, "आभाळ आलंय." ते पूर्ण खरं नव्हतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं.

या अंधाराशी इथली माणसं ज्या रीतीनं वागतात, ती मला फार शहाणपणाची वाटते. ती अंधाराशी भांडत नाहीत, दिवे लावतात. मी दिवाळीत खिडकीत आकाशकंदील लावला होता आणि काढायचा कंटाळा केला होता. नाताळाआधीचा चौथा रविवार आला आणि समोरच्या इमारतीत खिडकीखिडकीत कागदी तारे पेटले, सात दिव्यांच्या त्रिकोणी समया लागल्या. माझा कंदील त्या रांगेत आपोआप सामील झाला. 13 डिसेंबरला लुसियाच्या दिवशी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी गाणाऱ्यांच्या पुढे चालत येते. त्या दिवसांत केशर घातलेले पिवळे पाव घरोघर भाजले जातात. वर्षातल्या सर्वांत काळ्या आठवड्यात गावाला केशराचा वास येतो.

मी राहते त्या फ्लोग्स्टा वस्तीत विद्यार्थ्यांच्या उंच इमारती आहेत. रात्री दहाच्या ठोक्याला इथे खिडक्या उघडतात आणि मुलं बाहेर तोंड काढून मनसोक्त ओरडतात. ही कित्येक वर्षांची रीत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरले. परीक्षेच्या आठवड्यात मीही खिडकी उघडली. कुणी कुणाला ओळखत नाही, पण एका इमारतीतला आवाज दुसरीला पोचतो, आणि एकटेपणा माझ्या एकटीचा नाही हे कानांना कळतं.

या गावानं विद्यार्थ्यांचं दूर जाणं फार पूर्वीपासून पाहिलं आहे. अठराव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस इथे शिकवत होता. त्यानं आपले विद्यार्थी झाडं-प्राणी नोंदवायला जगभर पाठवले. थुनबर्ग जपानपर्यंत गेला, परतला आणि याच विद्यापीठात प्राध्यापक झाला. फोर्सकोल 1763 मध्ये येमेनमध्ये मलेरियानं गेला. लिनिअसच्या जुन्या बागेत फिरताना मला नेहमी त्या मुलांच्या घरच्यांची आठवण येते. त्यांना बातमी कळायला किती काळ जात असेल! आमच्या पिढीला बातमी क्षणात कळते. मात्र त्यामुळे आम्ही एकाच वेळी दोन ऋतूंत राहतो. पायाखाली बर्फ आणि फोनमध्ये उसाचा हंगाम.

फेब्रुवारी सरत आला की सगळे वसंताची वाट पाहू लागतात. थर्मामीटरच्या शून्याला या गावात घरच्यासारखा मान आहे, कारण अँडर्स सेल्सिअस इथलाच. 1742 मध्ये त्यानं आपलं माप मांडलं ते उलटं होतं. पाणी उकळतं तिथे 0, गोठतं तिथे 100. आज आपण वापरतो ती दिशा त्याच्या मृत्यूनंतर आली. स्वीडनचं हवामान खातं वसंत ठरवतं तो याच शून्यावरून. दिवसाचं सरासरी तापमान सलग सात दिवस शून्याच्या वर राहिलं तर वसंत आला असं मानतात, आणि त्याची तारीख धरतात ती त्या सातांपैकी पहिल्या दिवसाची. म्हणजे वसंत ज्या दिवशी येतो त्या दिवशी तो कुणालाच माहीत नसतो. बदल आधी घडतो, त्याची तारीख मागाहून लागते.

हे कळलं तेव्हा मला माझ्या पहिल्या वर्षाचा हिशेब लागला. मी इथली कधी झाले, या प्रश्नाला एक दिवस सापडत नव्हता. कॉफी घेताना क्रोनांचे रुपये करणं कधी थांबलं? स्वयंपाकघरात कुणी न बोलता शेजारी बसलं तर ते तुटक वाटेनासं कधी झालं? आणि याहून मोठा बदल घरच्या बाजूला झाला होता. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्याचं मला ते घरी परतल्यावर कळलं. "उगाच जिवाला घोर नको म्हणून नाही सांगितलं," आई म्हणाली. मला राग आला, आणि त्याच वेळी आठवलं की मीही जानेवारीत तापानं पडले होते तेव्हा कॅमेरा बंद ठेवून तिच्याशी बोलले होते. दोघी एकमेकींना जपत होतो. लेकीनं आईला सांभाळायला सुरुवात केली तो दिवस कुठल्याच कॅलेंडरवर नाही, पण तो येऊन गेला होता.

एप्रिलमध्ये रस्त्यांवरची बर्फासाठी टाकलेली खडी झाडून नेतात, आणि 30 तारखेला वालबोर्ग येतो. सकाळी विद्यार्थी घरी बनवलेले तराफे घेऊन फीरिसच्या गार पाण्यात उतरतात. दुपारी तीनला कॅरोलिना रेडिव्हिवा ग्रंथालयासमोर जमलेली माणसं पांढऱ्या टोप्या हलवून वसंताचं स्वागत करतात. मे महिन्यात गावाच्या दक्षिणेच्या कुंगसेंगेन कुरणात जांभळ्या चौकटीचौकटींची, मान खाली घातलेली फुलं उमलतात. हे फूल मूळचं इथलं नाही. सतराव्या शतकात ते बागेसाठी आणलं गेलं आणि तिथूनच कुरणात पसरलं, असं मानतात. बी रुजल्यावर पहिलं फूल यायला त्याला कित्येक वर्षं लागतात. आज ते या उपलँड प्रांताचं मानाचं फूल आहे.

जूनमध्ये दिवस जवळजवळ 19 तासांचा होतो आणि कॉरिडॉर रिकामा होऊ लागतो. ज्यांच्या सोबतीनं हिवाळा काढला ती मुलं एकेक करून निघतात, मागे तेलाची अर्धी बाटली आणि मिठाचा डबा सोडून. परदेशातल्या शिक्षणाची ही किंमत खरी आहे. माणसं मिळतात ती सत्रापुरती, आणि मिळाली तरी ती सोडण्याची तयारी ठेवावी लागते. तरीही मी म्हणेन की ती माणसं जोडावीत.

येत्या ऑगस्टात निघणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच एवढं सांगावंसं वाटतं. आपल्याला हे जमतंय की नाही, याचा निकाल पहिल्या नोव्हेंबरात लावू नका. त्या महिन्यात वाटणारं सगळं खरं असतं, पण कायमचं नसतं. फारच जड झालं तर विद्यापीठाच्या समुपदेशकाचं दार वाजवा, शेजारच्या खोलीचं वाजवा. आणि मागे राहिलेल्या आईवडिलांनो, "रुळलीस का?" असं दर रविवारी विचारू नका. त्याचं उत्तर तिलाही माहीत नसतं. आज काय रांधलंस एवढंच विचारा, आणि तुमच्या दुखण्याखुपण्याची खबर तिला वेळेवर द्या. ती ऐकण्याइतकी ती मोठी झाली आहे.