ही माणसं मिळतात कुठे?

मे महिन्यात आठवडाभर गुहागरला गेले आणि पहिल्याच दुपारी पडवीत स्विचवर ‘ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स २’ सुरू केला. पहिल्या भागाचा वैताग आठवतोय? प्रत्येक चॅप्टरला परत शून्यापासून सुरुवात! २०१८ साली जपानमध्ये आलेल्या या सीक्वेलमध्ये मात्र आपलं हक्काचं बेट आहे आणि तिथे बांधलेलं टिकतं. सॉल्लिड गोष्ट म्हणजे गावकरी. बुजगावणं रोवा, ते शेताला लागतात. पेटीत सामान ठेवा, ब्लूप्रिंटबरहुकूम बांधकाम उभं करतात. वर आपल्या ओसाड बेटावर राहायलाही येतात.

कटकटी आहेतच. बडबड अशी की बटण दाबून अंगठा दुखतो. नव्या बेटावर सामान न्यायची बंदी. बांधकामं वाढली की स्विच धापा टाकतो.

काका मागे उभं राहून बघत होते. ‘‘अगो, ही माणसं मिळतात कुठे?’’

मी हसले. ते नाही. नारळी-पोफळीच्या शिंपणाला गडी मिळत नाही, आम्ही भावंडं सगळी पुण्या-मुंबईत. बहात्तराव्या वर्षी वाडी तेच शिंपतात.

गेम सेव्ह केला आणि पंप लावायला मागे गेले. बटण कुठलं, ते त्यांनाच विचारावं लागलं.