सुपारीच्या बेटावरील चिनी बिऱ्हाड

मलेशियाच्या मुख्य भूमीवरील बटरवर्थ बंदरातून निघालेली नौका अरुंद सामुद्रधुनी ओलांडून जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागते. बेटाचे मलय नाव पुलाऊ पिनांग. पुलाऊ म्हणजे बेट आणि पिनांग म्हणजे सुपारी. 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने हे बेट ताब्यात घेतले आणि येथे जकातमुक्त बंदर उभे केले. जकात नाही म्हटल्यावर व्यापारी आल्यावाचून राहतो काय? चीनच्या फुजियान आणि ग्वांगडोंग प्रांतांतील लोक, तमिळ मुसलमान, चेट्टियार सावकार, आर्मेनियन, सयामी, ब्रह्मी असे सारे येथे आले. एकाच रस्त्यावर दयादेवी क्वान यिनचे चिनी देऊळ, मारिअम्मनचे मंदिर, कपितान केलिंग मशीद आणि सेंट जॉर्जचे चर्च एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तरीही गल्लीबोळांत कानी पडते ती प्रामुख्याने फुजियानची होक्किएन बोली.

या बेटावरील चिनी वारसा समजून घ्यायचा तर देवळांआधी ‘कोंगसी’ पाहावी. कोंगसी म्हणजे एका आडनावाच्या, बहुधा एकाच मूळ गावाच्या लोकांची सामाईक संस्था. खू, चिआ, यिओ, लिम आणि तान ही येथील पाच मोठी होक्किएन कुळे. त्यांपैकी खू कुळाची कोंगसी सर्वांत देखणी. तिचे मुख्य सभागृह 1901 मध्ये आगीत भस्म झाले. सम्राटाच्या वाड्याशी बरोबरी केल्याने देव कोपला, अशी समजूत पसरली आणि 1906 मध्ये नवे सभागृह बांधले गेले ते म्हणे मुद्दाम साधे ठेवून! त्या ‘साध्या’ वास्तूचे छप्पर, कोरीव खांब आणि सोनेरी मुलामा पाहिल्यावर जुनी कशी असेल, याची कल्पनाच करावी. आत पूर्वजांच्या नामपट्टिका आहेत, त्याचप्रमाणे कुळातील उच्चशिक्षितांची नावे पदव्यांसह कोरलेल्या पाट्याही आहेत. पूर्वजांच्या शेजारी पदवीधरांना स्थान देणारे हे देवघर मनात घर करून राहते.

नुसत्या शोभेसाठी मात्र ही वास्तू उभी नव्हती. नुकत्याच उतरलेल्या तरुणाला छप्पर, काम मिळवण्यासाठी ओळख, भांडणात निवाडा, मुलांना शाळा आणि अखेरीस अंत्यविधी, ही सर्व जबाबदारी कोंगसीची. खर्च चाले तो वर्गणीतून आणि कोंगसीच्या मालकीच्या घरांच्या भाड्यातून. चौकाभोवती घरांच्या रांगा आणि आत शिरण्यास अरुंद वाट, ही रचना संरक्षणासाठीही होती. 1867 मध्ये गुप्त मंडळ्यांच्या दंगलींनी हे शहर कित्येक दिवस पेटलेले होते. मलय भाषेत आज ‘कोंगसी’ या शब्दाचा अर्थ ‘वाटून घेणे’ असा रूढ झाला आहे.

चार्टर्ड बँकेची शाखा येथे 1875 मध्ये उघडली. पण गोदीतल्या हमालाला अशा बँकेचा उंबरठा कोठून दिसणार? तो आपली बचत पैसे पोहोचवणाऱ्या दुकानी नेई. अक्षरओळख नसल्यास तेथेच कोणाकडून चार ओळी लिहून घेई, पाकिटावर रकमेचा आकडा घालण्यात येई, आणि पत्र व पैसा मिळून दूर फुजियानमधील आईच्या किंवा पत्नीच्या दारी पोहोचत. तिकडून चिमुकले उत्तर येई, ‘मिळाले’ म्हणून. तीच पावती. या पत्रांना ‘च्याओपी’ म्हणतात. चीनमध्ये जपलेल्या अशा पत्रांच्या संग्रहाचा समावेश युनेस्कोने 2013 मध्ये जागतिक स्मृतिनोंदीत केला. ज्यांच्या घरी कधीकाळी हुंडीचा व्यवहार होता त्यांना या व्यवस्थेचे मर्म वेगळे सांगावे लागणार नाही. सारी भिस्त नावावर आणि शब्दावर होती.

समुद्राकाठी या कुळांचे गरीब रूप दिसते. वेल्ड धक्क्याजवळ पाण्यात खांब रोवून वसवलेल्या लाकडी वस्त्या आहेत. प्रत्येक धक्का एका आडनावाचा: च्यू, लिम, तान, ली. घरे पाण्यावर, त्यामुळे जमिनीची मालकी नाही. तात्पुरत्या परवान्यावर पिढ्यान्‌पिढ्या काढलेली ही माणसे. असे घर कोणतीही बँक तारण म्हणून घेणार नाही, पण चिनी नववर्षाच्या आठव्या रात्री च्यू धक्क्यावर स्वर्गाधिपती जेड सम्राटाच्या जन्मदिनाची पूजा मांडली जाते, तेव्हा उसाच्या उभ्या कांड्यांनी सजलेली लांबच लांब मेजे पाहून त्या परवान्याची आठवणही उरत नाही. होक्किएन लोक संकटकाळी उसाच्या फडात लपून वाचले, अशी कथा त्यामागे आहे.

गावातील जुन्या दुमजली दुकानघरांची कहाणी अधिक कडू आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड. 1966 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडी नाममात्र राहिली. मालकांना दुरुस्ती परवडेना, पण भाडेकरू टिकले. 2000 च्या आरंभी हे नियंत्रण उठले, भाडी चढली आणि कित्येक कुटुंबे, कारागीर नव्या वसाहतींत गेले. 2008 मध्ये मलाक्कासह जॉर्जटाउनला जागतिक वारसा दर्जा मिळाला. भिंती रंगल्या, उपाहारगृहे आणि छोटी हॉटेले आली. दोन्ही बाजूंचा हिशेब आपापल्या जागी बरोबर आहे. तरीही वारशाच्या ताळेबंदात इमारती जमेस धरल्या आणि माणसे लिहायची राहून गेली, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवतो तो रस्त्यावरच्या चुलीपाशी. ‘कोपीतियाम’ म्हणजे कॉफीचे दुकान. मालक स्वतः केवळ पेये विकतो. खाद्यपदार्थांच्या गाड्यांना जागा भाड्याने देतो. एका गाडीवर एकच पदार्थ, आणि त्यावरच आयुष्य. चार क्वे तिओ हा तांदळाच्या रुंद शेवयांचा प्रकार भडक्या आचेवर एका वेळी एक-दोन बश्याच परततात, म्हणूनच त्याला ती धुरकट चव येते. आसाम लाक्साचा भारतातील आसामशी संबंध नाही. मलय भाषेत आसाम म्हणजे आंबट, चिंच. हे सारे हात आता वृद्ध होत आहेत आणि शिकलेली मुले कढईपाशी उभी राहण्यास तयार नाहीत. परप्रांतीय मजूर शिजवू लागले तेव्हा राज्य शासनाने 2016 पासून अशा गाड्यांवर परदेशी आचाऱ्यांना मनाई केली. ज्या बेटाची प्रत्येक चव बाहेरून आलेल्या माणसाने आणली, तेथे हा नियम व्हावा, हे विचित्र खरे. पण त्यामागील भीती खोटी नाही. पूर्वजांच्या पाट्यांना कोंगसीचा आधार आहे; कढईला नाही.

शाकाहारी माणसाने येथे सावध असावे. क्वे तिओत डुकराची चरबी आणि शिंपले, लाक्सात मासळी, साध्या भाजीतही कोळंबीचे वाटण असते. मात्र ‘सू’ असे वाचले जाणारे अक्षर पाटीवर दिसले की तेथे बौद्ध परंपरेचे भोजन मिळते. त्यात मांस नाहीच, कांदा-लसूणही नाही. कंदमुळांचे पथ्य तेवढे विचारून घ्यावे. चेंडोल तर उन्हात सर्वांनाच चालते: नारळाचे दूध, ताडगूळ, बर्फ आणि हिरव्या शेवया.

खरी पर्वणी चिनी नवव्या महिन्यात येते. आपल्या शारदीय नवरात्राच्याच सुमारास नऊ सम्राट देवांचा उत्सव भरतो. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते सात तारे आणि दोन अदृश्य, असे हे नऊ. देवांना समुद्रकिनाऱ्यावरून वाजतगाजत आणतात. भक्त पांढरी वस्त्रे नेसतात, नऊ दिवस मांसाहार वर्ज्य करतात. रस्तोरस्ती गाड्यांवर पिवळी निशाणे लागतात आणि नेहमीचेच पदार्थ त्या दिवसांत शाकाहारी होऊन समोर येतात. नवव्या रात्री देवांना समुद्रातून निरोप दिला जातो. दुसऱ्या दिवशी निशाणे उतरवली जातात आणि कढईत पुन्हा चरबी तापू लागते.