अकुशल

दसरा जवळ आला की वाशिमकडची वावरं सोयाबीनने पिवळी पडतात. सोंगणीला निघालेल्या बाया लुगड्यावर घरधन्याचा जुना फुलशर्ट चढवतात, हातात मोजे घालतात. वाळल्या शेंगेचं टोक सुईसारखं शिरतं. एकराचा भाव ठरवून गुत्ता घेतलेला असतो, म्हणून धुऱ्यावरची भाकरही घाईतच उरकते. कंबरेत वाकायचं, डाव्या मुठीत झाडं धरायची, उजव्या हाताने इळा ओढायचा, दिवसभर. सकाळच्या दवात शेंग नरम असते. ऊन तापलं की धक्क्यानेच तडकते, दाणे मातीत जातात. कोणत्या वेळी झाड किती हलक्या हाताने धरायचं, हे मनगटाला कळलेलं असतं.

माझ्या आजीची करंगळी शेवटपर्यंत सरळ झाली नाही. जन्मभर इळ्याची मूठ धरून तळव्याच्या रेषा बुजल्या होत्या. म्हातारपणी रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. ती पदराला बोट पुसायची, पुन्हा टेकवायची. ज्या कष्टाने धान्य पिकवलं त्याच कष्टाने तिची ओळख पुसली होती, आणि धान्यासाठी ती रांगेत उभी होती. ते दृश्य अजून घशाशी येतं.

अशा हातांना रोजगार हमीच्या कागदावर 'अकुशल' म्हणतात. योजनेचा मी ऋणी आहे. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या कल्पनेने १९७२ च्या दुष्काळात माणसं जगवली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला, २००५ मध्ये देशाने केला. काम मागणं हा हक्क झाला. पण तो एक शब्द सलतो.

वाशिमकडच्याच मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वरचे बापूराव ताजणे असेच 'अकुशल' मजूर. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीला दलित म्हणून दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी नाकारलं गेलं. त्यांनी मालेगावहून अवजारं आणली आणि त्याच दिवशी खणायला सुरुवात केली. विहीर हे चारपाच जणांचं काम. एक खाली खणतो, बाकीचे माती वर ओढतात. हे एकटेच. कामावर जाण्याआधी चार तास, परतल्यावर दोन, मधे रोजाची मजुरी होतीच. आजूबाजूला खणलेल्या विहिरी कोरड्या गेलेल्या, त्यामुळे त्यांना वेड लागलंय असं घरच्यांनाही वाटलं. चाळीस दिवस कुदळ चालली. पंधरा फुटांवर पाणी लागलं, आणि वस्तीची पाण्यासाठीची वणवण थांबली.

पंधरा फूट वाचायला क्षण लागतो. मे महिन्यातल्या वाशिमच्या जमिनीवर एकदा कुदळ मारून पाहावी; हात झिणझिणतो, आणि जमिनीवर ओरखडा तेवढा उठतो.

पुढे पत्रकार आले, कौतुक झालं. पाणी कोणी नाकारलं, हे सगळ्यांनी विचारलं. गावात वैर नको म्हणून बापूरावांनी ते नाव सांगितलं नाही.