सोर्सवरून बांधलेलं

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरामागेच जकार्डचे यंत्रमाग होते. चादरीवरचं फूल मोडलं, की जाणते कारागीर मागाला लगेच हात लावत नसत; वर चढवलेले भोकांचे पुठ्ठे आधी तपासत. कोणता उभा धागा उचलायचा, हे ती भोकं ठरवतात. एखादा पुठ्ठा मागेपुढे ओवला गेला, तरी माग सुरळीत चालतो आणि नक्षी मात्र चुकत राहते.

पुढे कॉलेजात लिनक्स भेटलं. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, प्रोग्राम बांधायच्या या पायऱ्या मला फार आवडल्या, अजून आवडतात. पहिल्या पायरीला पडद्यावर भराभर ओळी सरकतात: अमुक लायब्ररी आहे का? आहे. तमुक? नाही. त्या ‘नाही’कडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, कारण लायब्ररी अनिवार्य नसेल तर काम थांबत नाही.

नोकरीत हे पुष्कळदा पाहिलं. पण जिवाला लागलं ते टेसरॅक्टच्या वेळी. सोलापुरातल्या १९३०च्या मार्शल लॉविषयीचा जुना मराठी मजकूर मी स्कॅन करत होतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या हुतात्म्यांची नावं संगणकावर शोधता यावीत, एवढीच इच्छा होती. टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं, टर्मिनलवरून चालणारं साधन. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ साली त्याचं काम सुरू झालं, २००५मध्ये सोर्स खुला झाला. मी नवी आवृत्ती सोर्सवरून बांधली. एकही चूक न दाखवता ती बांधली गेली, आणि टिफ चित्र समोर ठेवताच वाचायला नकार देऊ लागली. पीएनजी मात्र नीट वाचत होती.

अशा वेळी लोक सगळं पुसून पुन्हा बांधायला बसतात. त्याने काही साधत नाही. दुसऱ्यांदाही तीच लायब्ररी गैरहजर असते. टेसरॅक्टला आवृत्ती विचारली, की ते आपण कशाकशावर उभे आहोत हेही सांगतं. त्या यादीत टिफचं नाव नव्हतं. चित्र उघडण्याचं काम टेसरॅक्ट स्वतः करत नाही, लेप्टोनिका नावाची लायब्ररी करते. ती बांधताना यंत्रावर टिफची लायब्ररी होती, पण बांधताना लागणाऱ्या तिच्या हेडर फायली नव्हत्या. त्या वेगळ्या पॅकेजात येतात. म्हणून लेप्टोनिकाने ते काम मुकाट्याने वगळलं होतं. हेडर बसवले, फक्त लेप्टोनिका पुन्हा बांधली. प्रोग्राम कोणत्या लायब्रऱ्या उचलतो हे दाखवणारी एलडीडी ही आज्ञा चालवून नवीच प्रत उचलली जाते ना, हेही पाहिलं. जुनी आणि नवी प्रत शेजारी नांदत असतात, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. मराठीची प्रशिक्षित फाइलही सोर्सबरोबर येत नाही, ती वेगळी आणून ठेवावी लागते.

मग पानं उलगडू लागली. जोडाक्षरं अजून अडखळतात, पण नावं सापडतात.

माझं मत पक्कं आहे: मागासारखंच, स्वतः बांधलेला प्रोग्राम बिघडला, तर दोष त्याच्या कोडमध्ये क्वचित असतो, बांधताना आजूबाजूला काय होतं नि काय नव्हतं, तिथे तो बहुधा सापडतो. सोलापुरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन, की तयार पॅकेज मिळत असलं तरी एकदा तरी सोर्सवरून बांधा, आणि बांधून झाल्यावर कॉन्फिगरच्या तपासण्या नोंदवणारी कॉन्फिग.लॉग ही फाइल पुसू नका.