ओठ मिटलेले, नाक कामात!

तुमच्या घरात तान्हं बाळ आहे? शेजारी? मग आत्ताच्या आत्ता जा आणि ते झोपलेलं असताना त्याचे ओठ बघा! मिटलेले असतील! मी डॉक्टर नाही, नर्स नाही, नुकतीच मावशी झालेय एवढंच! पण बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलं की पहिले काही महिने बाळं जवळजवळ नाकानंच श्वास घेतात, आणि मग मी वाचत सुटले, आणि मग मला एका जागी बसवेना!

अहो, बाळाचं स्वरयंत्र घशात इतकं वर असतं की त्यावरची झडप थेट मऊ टाळूपर्यंत पोचते! जीभ तर तोंडभर! म्हणजे तोंडात दूध असतानाही नाकातली हवा सरळ खाली! चोखायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चोखायचं... गिळताना श्वास क्षणभर थांबतो आणि लगेच सुरू! चोखण्या-गिळण्याचा सराव तर आईच्या पोटातच झालेला! आणि त्या शिंका! सर्दी नव्हे हो, बहुतेक वेळा ती नाकाची साफसफाई असते!

आता हे ऐका! काही हजारांत एखाद्या बाळाची नाकाची मागची वाट जन्मतःच बंद असते. दोन्हीकडून बंद असेल तर ते शांत असताना निळं पडतं, आणि रडलं की तोंड उघडतं, हवा आत जाते, आणि मग रंग परत येतो! रडण्यानं!

म्हणूनच चोंदलेलं नाक बाळाला इतकं छळतं; दोन घोट पितं, सोडतं, चिडतं. डॉक्टरांना विचारून मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, थेंब घाला. तेल मात्र नको! ते फुफ्फुसात उतरू शकतं. धुरीही नको! आजी रुसतील, रुसू देत, प्रेमानं सांगा पण सांगाच! आणि शांत असतानाही बाळ सतत तोंडानं श्वास घेत असेल तर डॉक्टरांना दाखवा. नाकपुड्या फुलत असतील, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे दिसले, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त भरले, तर तडक दवाखाना!

मोजायचे कसे? पूर्ण मिनिटभर! कारण तान्ह्यांचा श्वास भराभर चालतो, मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो, आणि मग पुन्हा भराभर! घ्या घड्याळ! आणि छातीकडे नको, पोटाकडे बघा. ही मंडळी पोटानं श्वास घेतात!