उलट्या बॅटरीची गाडी

हाउन्सलोत राहणाऱ्याला आकाशाकडे बघायची सवय लागतेच. इथल्या हाउन्सलो हीथवरून २५ ऑगस्ट १९१९ रोजी पॅरिसची रोजची विमानसेवा सुरू झाली. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवेची ती सुरुवात मानतात. आज शेजारच्या हीथ्रोची विमानं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर जमिनीशी बोलतात. त्याच्या थोडं वर, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, आम्हा हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची जागा. परीक्षा देऊन ऑफकॉमचा परवाना घेतला की तिथे कुणालाही बोलता येतं.

मात्र या लहरी साधारण नजरेच्या टप्प्याएवढ्याच जातात आणि आमचा भाग पडला सपाट, समुद्रसपाटीपासून जेमतेम २५ मीटर. लांबच्याशी बोलायचं तर टेकडी गाठायला हवी. म्हणून रेडिओ गाडीत हवा. आणि माझी गाडी आहे १९६५ची एमजीबी: दोन सीटची, कापडी टपाची. चाळिशी उलटलेली, म्हणून रोड टॅक्स आणि यूलेझ दोन्ही माफ.

खरी गंमत पुढे आहे. आजच्या गाड्यांत बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह जोडलेलं असे. रेडिओचा डबा मात्र निगेटिव्ह. तो स्क्रूने गाडीला बसवून तिच्याच बॅटरीवर जोडला, की शॉर्ट सर्किट ठरलेलं!

बरेच जण सगळी गाडीच उलटी करून घेतात: बॅटरीची टोकं बदलायची, डायनॅमोला नवी दिशा द्यायची, इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा उघडून आतलं वायरिंग फिरवायचं. एवढं करूनही डायनॅमो देणार जास्तीत जास्त २२ अँपिअर, आणि सिग्नलला उभं असताना जवळजवळ काहीच नाही. ५० वॉटचा रेडिओ बोलताना दहाएक अँपिअर खातो. त्यात पावसाळी संध्याकाळ, हेडलाइट, वायपर आणि ग्रेट वेस्ट रोडची रांग!

शिवाय ही गाडी माझ्याआधी कुणीतरी साठ वर्षं जपली आहे. पुढच्या मालकाला ती तशीच मिळावी, असं मला वाटतं.

म्हणून रेडिओला स्वतःची वेगळी छोटी लिथियम बॅटरी दिली. ती घरी चार्ज करायची, सीटमागे पट्ट्याने घट्ट बांधायची, दोन्ही वायरींना फ्यूज. अँटेनाच्या केबलची जाळी गाडीच्या पत्र्याला लागली तरी दोन बॅटऱ्यांमध्ये दुसरा दुवा नाही, त्यामुळे करंट वाहायला वाटच नाही. अर्ध्या मीटरची अँटेना लोहचुंबकावर डिकीच्या झाकणाला चिकटवली. टप कापडाचं आणि बोनेट ॲल्युमिनियमचं, तिथे चुंबक धरत नाही. गाडीला एक भोक पाडलं नाही, एक वायर कापली नाही.

पुण्याहून आलेल्या काकांना बॉक्स हिलवर नेलं. २२४ मीटर उंची, खाली सगळं सरे पसरलेलं.

"अरे, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला?"

"काका, २६ जानेवारी २००१ला भूज हादरलं तेव्हा फोन बंद पडले होते. निरोप पोचवायला हॅम मंडळीच धावली."

काका गप्प झाले. तेवढ्यात रेडिओवर एक अनोळखी इंग्रज आजोबा बोलायला लागले. काकांनी हळूच विचारलं, "परीक्षा अवघड असते का रे?"